तारखेनुसार पहिली आणि शेवटची वेळ काढताना या चुका टाळा

एक्सेलच्या शीटमध्ये तारखा ए कॉलममध्ये, वेळा सी कॉलममध्ये आणि हवी ती तारीख ई२ मध्ये असेल, तर पहिल्या वेळेचा फॉर्म्युला इतकाच: =मिनइफ्स(सी२:सी५००,ए२:ए५००,ई२). मिनइफ्स (MINIFS) अटीत बसणाऱ्या ओळींतला सगळ्यात लहान आकडा देतं. शेवटच्या वेळेसाठी मॅक्सइफ्स (MAXIFS), ते सगळ्यात मोठा देतं. फॉर्म्युला क्वचितच चुकतो, चुकतो तो खालचा डेटा.

सगळ्यात जास्त घात करते ती टेक्स्ट म्हणून बसलेली वेळ, म्हणजे दिसते वेळेसारखी पण एक्सेल तिला आकडा न मानता नुसती अक्षरं मानतं. हजेरीच्या मशीनमधून काढलेल्या शीटमध्ये एका तारखेला ८:५५, ९:४०, १३:१० आणि १८:२० अशा चार नोंदी आहेत आणि त्यातली पहिली व चौथी टेक्स्ट आहे, असं समजा. मिनइफ्स टेक्स्टकडे ढुंकूनही बघत नाही. उत्तर येतं ९:४० ते १३:१०. एरर नाही, आकडे पटण्यासारखे, आणि वेळेवर आलेल्या माणसाला लेटमार्क लागतो. अशा वेळी घाईत सेलचा फॉरमॅट बदलून उपयोग नाही. टेक्स्टचा त्याने आकडा होत नाही. कॉलम निवडा, डेटा मेनूतलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा, थेट फिनिश दाबा. तरीही काही सेल हटून बसले, तर आत न दिसणारी स्पेस (बहुधा कोड १६०) असते. ती सबस्टिट्यूट (SUBSTITUTE) फंक्शनने काढा. मग सी२:सी५०० वर काउंट (COUNT, फक्त आकडे मोजतं) आणि काउंटए (COUNTA, भरलेले सगळे सेल मोजतं) लावा. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय पुढे जाऊच नका.

तारीख आणि वेळ एकाच सेलमध्ये असेल तर उत्तर ००:०० येतं. एक्सेलमध्ये पूर्ण दिवस म्हणजे १ आणि सकाळचे सहा म्हणजे ०.२५, त्यामुळे नुसती तारीख त्या सेलशी जुळतच नाही. शेजारी =आयएनटी(ए२) चा कॉलम करा (आयएनटी, म्हणजे INT, वेळेचा अपूर्णांक काढून नुसती तारीख ठेवतं) आणि तारीख त्यात शोधा.

रात्रपाळी असेल तर दिवस दुपारी बारापासून मोजा: =आयएनटी(ए२-०.५). मिनइफ्सला मात्र तारीख-वेळ एकत्र असलेला कॉलमच द्या. नुसती वेळ दिली तर रात्री दहाला आलेल्याची पहिली नोंद पहाटेची दिसते.

दोन्ही रेंज सारख्या लांबीच्या ठेवा, नाहीतर व्हॅल्यू एरर येते. एक्सेल २०१६ किंवा त्याआधीचं असेल तर मिन (MIN) आणि इफ (IF) एकत्र लिहून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबा. तिथे इफऐवजी अट आणि वेळ यांच्या गुणाकाराचा शॉर्टकट मारू नका. न जुळलेल्या ओळी शून्य होतात आणि मिन तेच शून्य उचलतं.

सॉर्ट करून व्हीलुकअपने पहिली ओळ उचलणं तर सोडूनच द्या. खाली एक जुनी नोंद वाढली की उत्तर बिघडतं.