मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये या चुका टाळा

मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे मापनशास्त्राच्या, प्रॅक्टिकलमधील सर्वांत मोठी चूक बहुधा उपकरण हातात घेण्याआधीच झालेली असते. यंत्र अभियांत्रिकीच्या पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांत बॅचला एखादा नग दिला जातो, टेबलावर जे उपकरण मोकळे असेल ते उचलले जाते आणि जर्नलमधला तक्ता भरला की प्रयोग झाला असे समजले जाते. समजा, ड्रॉइंगवर भोकाचे माप २५ एच७ असे दिले आहे (२५ हे मिमीमधील मूळ माप आणि एच७ हा किती फरक चालेल याचा संकेत). याचा अर्थ ते भोक २५.००० ते २५.०२१ मिमी यांच्या दरम्यान असले पाहिजे. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अवघा २१ मायक्रॉनचा (०.०२१ मिमीचा) आहे. नेहमीच्या व्हर्नियर कॅलिपरचे लघुत्तम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, हेच २० मायक्रॉन असते, त्यामुळे त्याने कितीही काळजीपूर्वक वाचन घेतले तरी नग स्वीकारावा की नाकारावा हे सांगता येत नाही. लघुत्तम माप टॉलरन्सच्या एक दशांशाच्या आसपास असावे, असा जुना ठोकताळा आहे. त्यानुसार येथे एक-दोन मायक्रॉन दाखवणारे बोअर गेज (भोकाचा व्यास मोजणारे उपकरण) लागते. व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) ‘हेच उपकरण का घेतले?’ या प्रश्नाला अनेक विद्यार्थी अडखळतात, ते यामुळेच.

शून्य त्रुटीबाबत (काहीही मोजत नसताना उपकरण शून्य न दाखवण्याबाबत) गोंधळ होतो तो चिन्हाचा. जबडे पूर्ण मिटल्यावर व्हर्नियर पट्टीचा शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडे राहिला, तर त्रुटी धन असते आणि ती वाचनातून वजा करावी लागते. डावीकडे गेला, तर ती ऋण असते आणि वाचनात तेवढेच मिळवावे लागते. चिन्ह उलटे लागले तर मूळ त्रुटी नाहीशी होण्याऐवजी दुप्पट होते. मायक्रोमीटरवर याहून ठळक चूक घडते: स्लीव्हवरील (स्थिर नळीवरील) अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडली आहे की नाही हे न पाहता थिंबल (फिरणारे टोपण) वाचले जाते आणि उत्तर थेट ०.५० मिमीने चुकते. एका विद्यार्थ्याचे वाचन इतरांपेक्षा बरोबर अर्ध्या मिलिमीटरने वेगळे आले, तर आधी हीच रेघ तपासावी. रॅचेट (ठरावीक दाबानंतर घसरणारी टोकाची कळ) न वापरता थिंबल आवळणाऱ्याचे वाचन मात्र थोडे-थोडे आणि प्रत्येक वेळी निराळे कमी येते, म्हणून ती चूक पकडणे अधिक अवघड जाते.

कॅलिपरमध्ये नग जबड्यांच्या टोकाशी धरण्याची सवयही घातक आहे. मोजायचे अंतर आणि मोजपट्टी एकाच रेषेत असावीत, हे तत्त्व एर्न्स्ट ॲबे यांनी १८९० मध्ये मांडले. कॅलिपरची रचनाच या तत्त्वाला धरून नसल्याने सरकता जबडा किंचित कलला तरी टोकाशी फरक मोठा पडतो. नग शक्य तितका पट्टीजवळ धरल्यास तो कमी होतो.

जर्नल लिहिताना कॅल्क्युलेटरवर दिसलेली सरासरी जशीच्या तशी उतरवली जाते. लघुत्तम माप ०.०२ मिमी असताना ‘२४.९७३३३ मिमी’ असे उत्तर लिहिणे म्हणजे उपकरणाला जे दिसतच नाही ते पाहिल्याचा दावा करणे होय.

तापमानाचा रकाना बहुतेक जर्नलांत रिकामाच असतो, पण याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. लांबीची मापे २० अंश सेल्सिअसला धरायची, असे १९३१ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. आपल्याकडे वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत एप्रिल महिन्यात ३५ अंश सहज असतात. १०० मिमी लांबीचा पोलादी नग अशा वेळी सुमारे १७ मायक्रॉनने वाढलेला असतो. मात्र उपकरणही पोलादाचे आणि त्याच तापमानाला असेल, तर दोन्ही सारखेच वाढतात आणि वाचन जवळजवळ बरोबर येते. नग ॲल्युमिनियमचा असेल तर तो पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतो, आणि तोच १७ मायक्रॉनचा फरक वाचनात शिल्लक राहतो. लेथवरून नुकताच उतरवलेला गरम नग मोजणे किंवा स्लिप गेज (अचूक जाडीचे पोलादी ठोकळे) बराच वेळ बोटांत धरून ठेवणे यांमुळेही अशीच चूक होते.

साइन बार म्हणजे एका टोकाखाली स्लिप गेज रचून हवा तो कोन लावण्याची पट्टी. तिच्या प्रयोगात गणित सोपे असते (रचनेची उंची म्हणजे बारची लांबी गुणिले कोनाची साइन), तरी चुका तेथेच होतात. २०० मिमीच्या बारवर २५ अंशांसाठी उंची ८४.५२४ मिमी येते. साइनची किंमत ०.४२ अशी दोनच दशांशांपर्यंत घेतली, तर उंची ८४ मिमी येऊन कोन जवळजवळ १० मिनिटांनी (एक अंश म्हणजे ६० मिनिटे, एक मिनिट म्हणजे ६० सेकंद) चुकतो. कॅल्क्युलेटर रेडियनवर असल्यास उत्तर ऋण येते आणि चूक लगेच लक्षात येते. ग्रेडियनवर (काटकोनाचे १०० भाग धरणाऱ्या एककावर) असल्यास ७६.५३७ मिमी अशी अगदी खरी वाटणारी उंची मिळते, आणि तीच अधिक धोकादायक आहे. ८७ स्लिप गेजांच्या संचातून ८४.५२४ रचताना शेवटच्या अंकापासून सुरुवात करावी: १.००४, १.०२, २.५ आणि ८०, असे चार गेज पुरतात. गेजांची संख्या वाढली की जोडांमधील त्रुटीही वाढते. गेज पुसून, एकमेकांवर दाबत सरकवून चिकटवावेत. ते चिकटत नसतील, तर अधिक जोर न लावता पृष्ठभागावरील धूळ, तेल किंवा ओरखडा शोधावा. ४५ अंशांच्या पुढे मात्र साइन बार वापरू नये, कारण उंचीतील ०.०१ मिमीच्या चुकीमुळे ४५ अंशांवर सुमारे १५ सेकंदांची, तर ७५ अंशांवर सुमारे ४० सेकंदांची चूक होते.

रचना पूर्ण झाल्यावर कोन मोजायचा नग बारवर ठेवून डायल इंडिकेटर (उंचीतील सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारे उपकरण) नगाच्या वरच्या पृष्ठभागावर फिरवतात. १०० मिमी अंतरात स्लिप गेजकडील टोक ०.०३ मिमीने उंच दिसले, तर कोन सुमारे एका मिनिटाने जास्त लावला गेला आहे. अशा वेळी कित्येक विद्यार्थी संपूर्ण ०.०३ मिमीच रचनेतून वजा करतात आणि दुसऱ्या फेरीतही फरक का उरतो हे त्यांना कळत नाही. हा फरक १०० मिमीतला आहे आणि बार २०० मिमीचा आहे. शिवाय कोनाचा कोसाइनही गुणावा लागतो. त्यामुळे सुमारे ०.०५४ मिमी कमी करून ८४.४७० ची रचना घ्यावी. ती १.४७, ३ आणि ८० या तीनच गेजांत होते. आता डायल स्थिर राहिला, तर नगाचा कोन २४ अंश ५९ मिनिटे असा लिहावा, आणि जर्नलमध्ये दोन्ही रचना नोंदवाव्यात.