सोसायटीच्या एसटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला) वास येतोय? या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक विजेच्या बिलापायी होते. रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद! आमच्या सोसायटीतही महिनाभर हेच चाललं होतं. या हवेच्या टाकीतल्या, म्हणजे एरेशन टँकमधल्या, तपकिरी पाण्यातले जिवाणू मैला खातात, आणि त्यांना लिटरमागे साधारण 2 मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन सतत लागतो. हवा काही तास तुटली की पाणी सडू लागतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. मग सुवासिक द्रव्यं ओतून उपयोग नाही, ब्लोअर चालू ठेवायला हवा. फिनेल आणि ॲसिड गटारात ओतणंही थांबवा, कारण त्यानेही हेच जिवाणू मरतात.

तो वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो आणि जीव घेतो. म्हणून साफसफाईसाठी कुणालाही टाकीत उतरवू नका. यंत्रं असलेल्यांनाच बोलवा.

दुसरी चूक गाळाची. ‘घाण’ म्हणून तो सगळा उपसून टाकतात. 1914 साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी वरचं निवळ पाणी काढून खालचा गाळ राखला, त्यावर नवं मैलापाणी घातलं, आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. त्याच गाळाला ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’ म्हणतात. जिवाणू त्यातच असतात, म्हणून सगळं काम तोच करतो. पण कधीच न काढणंही चूक.

किती काढायचा, हे रोज तपासता येतं. एरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरून 30 मिनिटं ठेवा. ऑपरेटर याला एसव्ही-30 म्हणतात. गाळ 250 ते 400 मिलिलिटरवर बसला तर बहुतेक प्लांटमध्ये ठीक. 700-800 वर राहिला तर लगेच उपसू नका. नमुन्यात तेवढंच शुद्ध झालेलं पाणी मिसळून पुन्हा पाहा. आता झपाट्याने खाली बसला तर गाळ खरोखर जास्त आहे, थोडा काढा. तरीही फुगूनच राहिला तर तंतूसारखे जिवाणू वाढलेत. तिथे आधी हवा आणि तेलकट पाणी तपासा. बसलेला गाळ बुडबुड्यांसह ढेकळांनी पुन्हा वर आला, तर सेटलिंग टँकमध्ये (गाळ खाली बसवायच्या पुढच्या टाकीत) तो फार वेळ पडून राहतोय आणि नायट्रोजन वायू त्याला उचलतोय. गाळ एरेशन टँकमध्ये परत नेणारा पंप वाढवा.

नव्या प्लांटवर पांढरा फेस आला तर घाबरू नका, गाळ अजून कोवळा आहे.

आता लॅबचा रिपोर्ट. बीओडी म्हणजे जिवाणूंना मैला खाताना लागलेला ऑक्सिजन, सीओडी म्हणजे रसायनाने सगळं जाळायला लागलेला. म्हणून सीओडी नेहमी जास्त. उलटं छापलं असेल तर रिपोर्ट परत करा. आणि आपल्याकडे बीओडीची चाचणी 27 अंशांवर 3 दिवस चालते. सकाळी नमुना नेऊन संध्याकाळी बीओडीचा आकडा देणाऱ्या लॅबला मी दुसऱ्यांदा बोलावलं नाही.