लॅटिनमधला 'बोस्' कुठून आला, ते कसं शोधायचं

'गो' शब्द चालवताना वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, लॅटिनमध्ये गाईबैलाला काय म्हणतात?" 'बोस्', मी सांगितलं. ग्रीकमध्ये 'बूस्'. मग 'ग'चा 'ब' होतो असं मी बिनधास्त फळ्यावर लिहिलं. ते चूक होतं. तुम्ही शोधायला बसाल तेव्हा ही घाई करू नका.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: संस्कृत, लॅटिन आणि शेजारी. सुरुवात प्राण्यापासून करायची नाही, साध्या शब्दांपासून करायची. 'गम्'समोर लॅटिन 'वेनिओ', म्हणजे मी येतो. 'जीव'समोर 'वीवुस्', म्हणजे जिवंत. (पुढच्या 'इ'मुळे संस्कृतात 'ग'चा 'ज' झाला.) या सगळ्यांच्या मुळाशी एकच जुना उच्चार होता, 'ग्व'सारखा, आणि शब्दाच्या आरंभी लॅटिननं त्यातला 'व' ठेवला. म्हणजे 'गौः'समोर 'वोस्' यायला हवं होतं. आलंय 'बोस्'.

इथे 'अपवाद' लिहून पान उलटू नका. नियम मोडणारा शब्द बहुतेकदा दुसऱ्याच्या घरून आलेला असतो, म्हणून आता तिसरा रकाना भरा. रोमच्या उत्तरेला उंब्रियन बोलत. इटलीतल्या गुब्बिओ गावी 1444 साली उंब्रियन भाषेतले सात ब्राँझचे पत्रे सापडले, त्यांवर यज्ञविधी कोरलेले आहेत. त्यात 'येणे'च्या धातूचं रूप 'बेनुस्त' आहे आणि बैलाची द्वितीया 'बुम्'. तिथे 'ग्व'चा 'ब' हाच नियम! लॅटिननं हा शब्द अशाच शेजाऱ्यांकडून उचलला. गुरं पाळणाऱ्यांचा शब्द गुरांबरोबर आला असावा, असं मला वाटतं. शिवाय लॅटिनमध्ये 'वोस्' म्हणजे 'तुम्ही', तेव्हा घरचा शब्द मागे पडायला तेही कारण असेल.

ग्रीकवर संशय येईल, कारण 'ब' तिथेही आहे. तेव्हा दुसरा प्राणी तपासा. संस्कृत 'वृक' (लांडगा), ग्रीक 'लुकोस्', लॅटिन 'लुपुस्'. हा 'प' ग्रीकनं दिलेला नाही, त्यांच्याकडे 'क' आहे. दक्षिणेकडच्या ओस्कन भाषेत मात्र लॅटिन 'क्विस्' (कोण) याला 'पिस्' म्हणत, म्हणजे 'क्व'च्या जागी 'प'. लांडगाही शेजारून आलेला.

मी आता दरवर्षी त्या पत्र्यांवरचे दोन शब्द फळ्यावर लिहिते: 'बुफ् त्रेइफ्'. विधीत बळी द्यायच्या बैलांची ही मोजणी आहे. किती बैल, ते मुलांना स्वतः ओळखू द्या.