रेसिड्युअल शून्यावर, तरी संवेग चुकीचा: ट्रॅकर अलाइनमेंटचा माझा अनुभव

सिलिकॉन ट्रॅकर म्हणजे टक्करबिंदूभोवती थराथरांनी रचलेला शोधक; कण कुठून गेला ते बिंदू तो नोंदतो आणि त्यांतून कणाचा मार्ग काढतात. त्याचे तुकडे (मॉड्यूल) नेमके कुठे आहेत ते मार्गांवरूनच शोधणं म्हणजे अलाइनमेंट. प्रत्येक मॉड्यूलला ६ चलं: ३ सरकण्याची, ३ फिरण्याची. अख्खा ट्रॅकर एकत्र सरकला तर मार्गांना ते कळतच नाही, म्हणून सरासरी सरकणं आणि फिरणं शून्य, ही अट मी आधीच घातली होती. रेसिड्युअल, म्हणजे नोंदलेला बिंदू आणि जुळवलेला मार्ग यांतलं अंतर, सुरेख शून्याभोवती आले. पण धन आणि ऋण म्युऑनांचा (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखा, पण जड कण) संवेग एकमेकांशी जुळेना.

कारण होतं 'वीक मोड', म्हणजे रेसिड्युअलमध्ये न दिसणारी विकृती. प्रत्येक थर त्रिज्येच्या प्रमाणात थोडा जास्त फिरलेला असेल, तर सरळ मार्गही वक्र दिसतो. चुंबकीय क्षेत्रात मार्ग किती वळतो यावरूनच संवेग काढतात, म्हणून फिट (बिंदूंवर मार्ग जुळवणं) ती वक्रता संवेगाच्या नावावर घालतं आणि रेसिड्युअल स्वच्छच राहतात. हा प्रकार फार फसवा आहे! टक्करबिंदूपासून निघणारे मार्ग कितीही वाढवले तरी उपयोग नाही.

मग कॉस्मिक म्युऑन, म्हणजे वैश्विक किरणांमुळे वरून येणारे म्युऑन, घेतले. एकच कण वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागातून जातो, दोन्हीकडे वक्रता सारखीच हवी. इथे विकृती लगेच उघडी पडते. जोडीला झेड बोसॉन या जड कणाच्या विघटनातून निघणाऱ्या म्युऑन-जोड्यांवर त्याच्या ९१.१९ जीईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक) वस्तुमानाची अट. या दोन्हींसह सगळी चलं पुन्हा एकत्र सोडवली आणि फरक गेला. आता धन म्युऑनच्या दिशेनुसार झेडचं वस्तुमान बदलतं का, हा आलेख मी रेसिड्युअलच्या आधी काढते.