टू-डी इको: जाड, हडकुळ्या आणि चिमुकल्या पेशंटचं चित्र स्वच्छ कसं आणायचं

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, चित्र धूसर दिसलं की हात पहिल्यांदा गेनकडे, म्हणजे उजळपणाच्या बटणाकडे, जातो. पण गेन फक्त परत आलेला प्रतिध्वनी उजळ करतो, सोबत खरखरही उजळते. जो प्रतिध्वनी परत आलाच नाही, तो बटण फिरवून येत नाही. म्हणून आधी पेशंटची कूस, मग श्वास, मग प्रोबची (छातीवर टेकवायच्या, ध्वनिलहरी सोडणाऱ्या दांड्याची) जागा, त्यानंतर ध्वनिलहरीची फ्रीक्वेन्सी. गेनचा नंबर त्याच्याही मागे.

पेशंटला नीट डाव्या कुशीवर वळवा आणि डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगा. त्याने फासळ्यांमधली फट रुंदावते, हृदय छातीच्या भिंतीला येऊन टेकतं आणि मधलं फुफ्फुस बाजूला सरतं. पाठीमागे उशी दिली की पेशंट अंग सैल सोडतो. तोल सांभाळत ताठ पडलेल्या माणसाची विंडो, म्हणजे हृदय दिसेल अशी जागा, मिळत नाही. ॲपिकल व्ह्यूसाठी (हृदयाच्या टोकाकडून घ्यायच्या चित्रासाठी) गादीला खाच असलेला कॉट असेल तर उत्तम, नाहीतर पेशंटला काठाशी घ्या. "श्वास सोडा... आता थांबा" म्हणून पाच-सहा सेकंदांत क्लिप घ्या. पूर्ण श्वास सोडल्यावर चित्र जात असेल तर अर्ध्यावर थांबवून पाहा. सबकॉस्टलला (फासळ्यांखालून, पोटाच्या वरच्या भागातून घ्यायच्या व्ह्यूला) सगळं उलट: उताणं झोपवायचं, गुडघे दुमडायचे आणि श्वास आत घेऊन धरायला सांगायचं.

जाड पेशंट. ध्वनिलहर शरीरातून जाताना दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल विरते. १६ सेंमी खोलीवरून जाऊन-येऊन ३२ सेंमी होतात. म्हणजे ३ मेगाहर्ट्झला ४८ डेसिबल गेले, २ मेगाहर्ट्झला ३२. या १६ डेसिबलच्या फरकाचा अर्थ चाळीस पट ऊर्जा. इथे फ्रीक्वेन्सी खाली आणण्याला पर्याय नाही. मशीनचा हार्मोनिक मोड चालू ठेवून १.७ मेगाहर्ट्झच्या आसपास पाठवा. मशीन दुप्पट फ्रीक्वेन्सीवर ऐकतं, त्यामुळे चरबीच्या थरांतून उठणारी गढूळ झाक कमी होते. मात्र हार्मोनिकमध्ये झडपा असतात त्याहून जाड दिसतात, रिपोर्ट लिहिताना हे ध्यानात असू द्या.

पोटामुळे छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकललेला असतो, हृदय आडवं पडतं. पॅरास्टर्नल विंडो (छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेची) एक फट वर, ॲपिकल काखेच्या बाजूला शोधा. प्रोब ठाम दाबा, पण फासळीवर नको, फटीतच. स्त्री पेशंटला स्तन स्वतः उचलून धरायला सांगा आणि प्रोब खालच्या घडीत ठेवा. खोलीत सोबत बाई असावी. घाईत प्रोब वरच राहिला तर डावा व्हेंट्रिकल आखूड आणि टोकाला गोल दिसतो, ईएफ (दर ठोक्याला व्हेंट्रिकल किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा) चुकतो. फोर-चेंबर आणि टू-चेंबर (हृदयाचे चार आणि दोन कप्पे दाखवणाऱ्या) ॲपिकल व्ह्यूंमध्ये मोजलेल्या व्हेंट्रिकलच्या लांबीत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर एक फट खाली, बाहेर सरका आणि पुन्हा घ्या.

आणखी एक फसवणूक: उजव्या व्हेंट्रिकलसमोरची चरबी हृदयाभोवती साचलेल्या पाण्यासारखी वाटते. पाणी साधारणपणे काळं असतं; चरबी करडी, दाणेदार असते आणि हृदयाबरोबर हलते.

एवढं करूनही ॲपिकल व्ह्यूत व्हेंट्रिकलच्या भिंतीचे लागोपाठ दोन किंवा जास्त भाग दिसत नसतील तर कॉन्ट्रास्टचा (शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध देऊन चित्र उठावदार करण्याचा) विचार डॉक्टरांपुढे मांडा. त्या वेळी मेकॅनिकल इंडेक्स (ध्वनिलहरीच्या जोराचा मशीनवर दिसणारा आकडा) ०.२ च्या खाली हवा. जास्त ठेवला तर बुडबुडे फुटतात आणि टोकाशी भोवरे दिसतात.

हडकुळा पेशंट. इथे ऊर्जा भरपूर मिळते, संपर्क मिळत नाही. फासळ्या वर आलेल्या, मधे खळगे. प्रोबखाली हवा राहते आणि चित्राची एक बाजू काळी पडते. जेल सढळ हाताने लावा. हृदय उभं असतं, म्हणून विंडो खाली आणि मध्याकडे शोधा. फार कलवलं तर हृदय विंडोतून निसटतं, थोडं परत वळवा. हृदयाचं टोक प्रोबला अगदी चिकटून असल्याने जवळचा भाग पांढरा फटक होतो आणि तिथली रक्ताची गाठ झाकली जाते: टीजीसीच्या (खोलीनुसार उजळपणा ठरवणाऱ्या) वरच्या पट्ट्या कमी करा, फोकस वर आणा, फ्रीक्वेन्सी वाढवा. दम्याच्या, विडी-सिगारेटच्या जुन्या पेशंटची फुफ्फुसं फुगलेली असतात, हृदय खाली गेलेलं असतं. तिथे पॅरास्टर्नलवर झगडत बसू नका, थेट सबकॉस्टलला या.

बाळं. नवजाताला ८ ते १२ मेगाहर्ट्झ, मोठ्या मुलाला ५ ते ८. ठोके मिनिटाला १२०–१५० असतात, म्हणून डेप्थ कमी आणि सेक्टर (चित्राचा पंखा) अरुंद ठेवा, फ्रेम रेट (सेकंदाला मिळणारी चित्रं) आपोआप वाढतो. जेल कोमट हवं, खोली उबदार, बाळ नुकतं दूध प्यालेलं. प्रोब नुसता टेकवायचा. दाबला की बाळाला श्वास जड जातो आणि ते रडतं. मान मागे करून गळ्याच्या खळग्यातून घ्यायचा व्ह्यू सगळ्यात शेवटी.