लवंग, केळे आणि हॉप्स: आठ टक्क्यांच्या गहू-बिअरची कृती आखताना

बव्हेरियन पद्धतीच्या गहू-बिअरचा सुगंध मुख्यतः यीस्टकडून येतो. केळ्याची छटा आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरमुळे (फळासारख्या वासाचे संयुग) आणि लवंगेची छटा ४-व्हिनाइल ग्वायकॉल या फिनॉलमुळे (मसाल्यासारख्या वासाचे संयुग) मिळते, आणि पारंपरिक कृतीत हॉप्सना, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांना, फारसे काम नसते. हीच बिअर आठ टक्के अल्कोहोलपर्यंत कडक करून तिच्यात भरपूर हॉप्स घालायचे ठरवले, की एकाच पेल्यात दोन बलवान सुगंध समोरासमोर येतात. त्यांचे जमले तर फार सुंदर बिअर होते, आणि न जमल्यास तिला औषधाच्या बाटलीसारखा वास येतो. म्हणून माझ्या मते या कृतीची आखणी यीस्टपासून सुरू करावी, त्या यीस्टला मानवतील असे हॉप्स नंतर निवडावेत, आणि धान्याचा हिशेब त्यानंतर मांडावा.

माझ्या पहिल्या प्रयत्नात मी नेमका उलटा क्रम धरला होता. घरात सिमको आणि शिनूक हे पाइनच्या राळेसारख्या वासाचे हॉप्स होते, म्हणून तेच सढळ हाताने वापरले. बाटली उघडल्यावर आधी लवंग आली, तिच्यामागून राळ आली, आणि जिभेच्या मागच्या बाजूला एक कोरडा, तुरट कडवटपणा बराच वेळ रेंगाळत राहिला. दोन्ही घटक आपापल्या जागी चांगले होते, पण फिनॉल आणि राळ एकमेकांना अधिक तिखट करत होते.

हे दोन्ही कुठे जुळतात, ते २००७ साली बव्हेरियातील केल्हाइमची श्नायडर ब्रुअरी आणि न्यूयॉर्कची ब्रुकलिन ब्रुअरी यांनी मिळून काढलेल्या ८.२ टक्के अल्कोहोलच्या ‘हॉपफेन-वाइसे’ने दाखवून दिले. हान्स-पीटर ड्रेक्सलर आणि गॅरेट ऑलिव्हर या दोन ब्रूमास्टरांनी ती घडवली. केल्हाइममध्ये बनलेल्या बिअरसाठी सफिर हे जर्मन हॉप्स वापरले गेले, तर ब्रुकलिनमध्ये अमेरिकन हॉप्स. दोन्हीकडे यीस्टच्या फळाळ बाजूला पूरक ठरेल असाच सुगंध निवडलेला होता. सफिरचा वास फुलांचा आणि संत्र्याच्या सालीसारखा असतो. मँडरिना बव्हेरिया, हालरटाउ ब्लाँक आणि ह्यूल मेलन हे २०१२ साली बाजारात आलेले जर्मन वाणही याच घराण्यातले आहेत, आणि अमेरिकन हॉप्समध्ये अमारिलो सर्वांत भरवशाचे वाटते. केळ्याच्या शेजारी संत्रे, द्राक्ष आणि खरबूज सहज बसतात.

आता आकडे. किण्वनपात्रात २० लिटर वर्ट (धान्यातून काढलेला गोड रस) आणि आरंभीची घनता १.०७६ हे उद्दिष्ट धरू. पाण्याची घनता १.०००, आणि तिच्यावरचा प्रत्येक हजारावा भाग म्हणजे घनतेचा एक अंश. म्हणजे प्रत्येक लिटरमागे ७६ अंश आणि एकूण १,५२० अंश हवेत. एक किलो गहू माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेला गहू) सुमारे ३१५, आणि जवापासूनच्या पिल्सनर माल्टमध्ये ३०९ व म्युनिक माल्टमध्ये ३०५ अंश असतात, पण ते सगळे आपल्या हाती लागत नाहीत. नेहमीच्या बिअरला ७५ टक्के कार्यक्षमता मिळत असली, तरी इतके धान्य असताना धुण्याचे पाणी तुलनेने कमी पडते, म्हणून ६५ टक्केच गृहीत धरावी. त्यानुसार ३.९ किलो गहू माल्ट, २.८ किलो पिल्सनर आणि ०.८ किलो म्युनिक मिळून साडेसात किलो धान्य लागते. जर्मन वाइसबिअरमध्ये निम्म्याहून अधिक गहू माल्ट असावा लागतो, ती अट इथे पूर्ण होते. कॅरॅमल माल्ट घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याचा गोडवा या घनतेला जड होतो आणि हॉप्सचा सुगंध त्याखाली दबतो.

जवाचे तूस दाण्याला चिकटून राहते आणि गाळताना तेच चाळणीचे काम करते, गव्हाचे मात्र मळणीतच सुटून जाते. शिवाय गव्हातील प्रथिने आणि चिकट पदार्थ मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेले दळलेले धान्य, घट्ट करतात. पाऊण किलोच्या आसपास भाताचे तूस धुऊन धान्यात मिसळले नाही, तर वर्टची धार बारीक होत होत थेंबांवर येते आणि चमच्याने ढवळत बसावे लागते. तुसाला चव नसते, त्यामुळे ते थोडे जास्त पडले तरी चिंता नाही.

मॅश पायऱ्यांनी करावा. आधी ४४ अंश सेल्सिअसवर १५ मिनिटे थांबावे, कारण या तापमानाला माल्टमधून फेरुलिक आम्ल सुटते आणि पुढे यीस्ट त्याचेच लवंगेच्या फिनॉलमध्ये रूपांतर करते. हॉप्स ठळक हवे असतील तर ही पायरी गाळली तरी चालते, आणि दुसऱ्या खेपेला तसे करून दोन्ही बिअर शेजारी ठेवून चाखाव्यात. त्यानंतर ६४ अंशांवर ४५ मिनिटे, ७१ अंशांवर २० मिनिटे आणि शेवटी ७७ अंश. चौसष्ट अंशांची पायरी लांब ठेवण्यामागे कारण आहे: या तापमानाला यीस्टला पचणारी साखर जास्त बनते. या बिअरची अखेरची घनता १.०१५ च्या आसपास उतरली पाहिजे, ती १.०२० वर अडकली तर पेला संपवणे जड जाते. मॅशचा पीएच ५.३ ते ५.४ असावा. पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे, कारण क्लोरीन आणि फिनॉल एकत्र आले की क्लोरोफिनॉल तयार होतो, आणि त्याचा दवाखान्यासारखा वास अगदी सूक्ष्म प्रमाणातही लपत नाही. क्षारांमध्ये क्लोराइड सल्फेटच्या बरोबरीने किंवा किंचित अधिक ठेवावे. सल्फेट वाढले की कडवटपणा कोरडा आणि टोकदार होतो, आणि इथे तो मऊ हवा आहे.

कडवटपणाचा हिशेब करताना घट्ट वर्ट फसवते. बारा टक्के अल्फा आम्लाचे (उकळल्यावर कडवटपणा देणारा घटक) २५ ग्रॅम मॅग्नम हॉप्स तासभर उकळले, तर १.०५० घनतेच्या २० लिटर वर्टमध्ये कडवटपणा मोजण्याच्या टिनसेथ सूत्रानुसार सुमारे ३५ आयबीयू (कडवटपणाचे एकक) मिळतात, तेच १.०७६ घनतेत जेमतेम २७. आपल्याला एकूण ३८ ते ४० हवेत, म्हणजे घनतेच्या अंशांच्या साधारण निम्मे. त्याहून वर जाण्याची गरज मला कधी वाटली नाही, कारण गव्हाचा मऊपणा हाच या बिअरचा पाया आहे. सुरुवातीच्या मॅग्नमनंतर मधे काही घालू नये. उकळीची शेवटची १० मिनिटे उरल्यावर २० ग्रॅम सफिर घालावे, आणि आच बंद करून वर्ट ८० अंशांपर्यंत उतरल्यावर ४० ग्रॅम मँडरिना टाकून २० मिनिटे ढवळत ठेवावे. या तापमानाला अल्फा आम्लांचे रूपांतर मंदावते, पण सुगंधी तेले विरघळत राहतात.

यीस्ट म्हणून वाइहेनश्टेफान घराण्याचा द्रव प्रकार, म्हणजे वाइस्ट ३०६८ किंवा व्हाइट लॅब्स ३००, घ्यावा. डब्ल्यूबी-०६ हे कोरडे यीस्ट सोयीचे असले, तरी ते डायस्टॅटिकस प्रकारातले आहे आणि इतर यीस्टना न पचणारे डेक्स्ट्रिनही (स्टार्चचे तुकडे) खाते, त्यामुळे बिअर फार कोरडी होते. साडेअठरा प्लेटोच्या (वर्टमधील साखरेची टक्केवारी) या वर्टसाठी दर मिलिलिटर आणि दर प्लेटोला साडेसात लाख पेशी धरल्या, तर सुमारे २८० अब्ज पेशी लागतात, आणि एका पाकिटावर भागत नाही, थोड्या वर्टमध्ये यीस्ट आधीच वाढवून स्टार्टर बनवावाच. साध्या वाइसबिअरमध्ये केळ्याचा सुगंध वाढवण्यासाठी काही जण मुद्दाम कमी यीस्ट घालतात. इतक्या घट्ट वर्टमध्ये तोच प्रयोग जळजळीत अल्कोहोल आणि अर्धवट किण्वन पदरात टाकतो. वर्टमध्ये हवा भरपूर मिसळून यीस्ट १७ अंशांना घालावे, तीन दिवस १८ वर रोखावे आणि मग हळूहळू २१ पर्यंत चढू द्यावे. पात्र ३० लिटरचे घ्यावे आणि फेस वाहून नेणारी नळी जोडावी. दुसऱ्या दिवशी तपकिरी, चिकट फेस झाकण ढकलू लागतो, तेव्हा ही नळी किती आवश्यक होती ते कळते.

घनता स्थिरावत आली की बिअर १५ अंशांवर आणून ७० ग्रॅम सफिर आणि ५० ग्रॅम मँडरिना न उकळता कोरडेच बिअरमध्ये घालावेत. तीन दिवस पुरतात. त्यापुढे सुगंधापेक्षा गवताळ तुरटपणाच वाढतो. हॉप्समध्येही विकरे असतात आणि ती उरलेले डेक्स्ट्रिन फोडतात, त्यामुळे थांबलेले किण्वन पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून हॉप्स काढल्यावर बिअर परत २० अंशांवर आणावी आणि दोन दिवसांच्या अंतराने घेतलेली घनता एकच येईपर्यंत बाटल्या भरू नयेत. इथली घाई काच फुटण्यापर्यंत जाते. पात्रातून बाटलीत नेताना बिअर खळखळू देऊ नये, नळीचे टोक तळाशी ठेवावे, कारण प्राणवायू लागला की या बिअरचा रंग मातकट होतो आणि संत्र्याचा वास काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो.

बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम साखर घालावी. त्यातून बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या एकूण साधारण ३.१ पट कार्बन डायऑक्साइड विरघळतो, आणि हा दाब जाड काचेच्या बाटल्यांनाच पेलतो. दोन आठवडे २० अंशांवर ठेवून एक बाटली थंड करून उघडावी. फेस पांढरा, दाट आणि टिकाऊ असला, आधी संत्र्याची साल आणि मागाहून लवंग जाणवली, तर उरलेल्या बाटल्या लगेच थंडीत हलवाव्यात आणि दोन महिन्यांत संपवाव्यात. लवंगच आधी आली, तर पुढच्या खेपेला ४४ अंशांची पायरी गाळावी, हॉप्स वाढवू नयेत.