क्रिटेशियस काळातील गांधीलमाशीची नवी जाती: वर्णन कसे करावे

क्रिटेशियस काळ सुमारे 14.5 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्या काळातील बारीक गांधीलमाश्या मुख्यतः दोन रूपांत सापडतात: अंबरात (झाडाच्या जीवाश्म झालेल्या राळेत) अडकलेल्या, किंवा खडकाच्या थरात दबून सपाट झालेल्या. खडकातल्या नमुन्यात शरीराची रुंदी दाबामुळे बदललेली असू शकते, म्हणून तेथे पंखांच्या मापांवर अधिक भर द्यावा. म्यानमारच्या काचिन प्रांतातील अंबर सुमारे 9.9 कोटी वर्षांपूर्वीचे आहे. अशा अंबरातील नमुना हाती घेतल्यास तो खाणीतून कधी आणि कोणत्या मार्गाने बाहेर आला, याची कागदपत्रे वर्णनाला बसण्यापूर्वीच तपासावीत.

अंबराचा तुकडा अशा प्रकारे घासून पॉलिश करावा की किमान एक सपाट बाजू पंखाला समांतर राहील. गोलसर पृष्ठभागातून पाहिल्यास प्रतिमा वाकडी दिसते. त्यावर ग्लिसरीनचा थेंब टाकून कव्हरस्लिप (पातळ काचेची चकती) ठेवल्यास हा दोष बराच कमी होतो.

खरा वेळ पंखांच्या शिरांना द्यावा, कारण कुल (फॅमिली, म्हणजे जवळच्या जीवांचा मोठा गट) ठरवताना बहुतेक वेळा त्याच निर्णायक ठरतात. पंखावरची घडी शिरेसारखी दिसून फसवते. प्रकाशाची दिशा हळूहळू बदलत पाहिल्यास घडीची रेषा पुसट होते किंवा सरकते, शीर मात्र जागच्या जागी राहते. तरीही शंका उरली तर डावा आणि उजवा पंख ताडून पाहावा. छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी रेखाचित्र स्वतः काढावे, आणि जी शीर दिसत नाही ती अंदाजाने पूर्ण करू नये.

नर की मादी, हे लगेच नोंदवावे. डंखधारी गांधीलमाश्यांत मादीच्या शृंगिकेला (डोक्यावरच्या मिशीला) सहसा 12 आणि नराच्या शृंगिकेला 13 खंड असतात. ही तपासणी चुकली तर एकाच जातीचे नर आणि मादी दोन वेगळ्या नावांनी प्रसिद्ध होण्याचा धोका असतो.

लांबलचक वर्णनापेक्षा 'निदान' (जातीला वेगळे ठरवणाऱ्या लक्षणांचा संक्षेप) लिहिणे अवघड आहे. ही जाती तिच्या सर्वांत जवळच्या ज्ञात जातींपासून नेमकी कोणत्या लक्षणांनी वेगळी आहे, हे दोन-तीन वाक्यांत सांगता येत नसेल, तर नाव देण्याची घाई करू नये. केवळ आकारमानाचा फरक पुरेसा नाही. डोक्याची लांबी-रुंदी, शृंगिकेच्या खंडांचे परस्परप्रमाण यांसारखी गुणोत्तरे द्यावीत.

आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार होलोटाइप (ज्यावर जातीचे नाव आधारलेले असते तो एकमेव नमुना) स्पष्टपणे निश्चित करावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाईल, तसेच तो संग्रह कोठे आहे, हे लिहावे लागते. जातीचे नाव लॅटिन विशेषण असेल, तर त्याचे लिंग जीनसच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या) नावाशी जुळले पाहिजे. शोधनिबंध केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणार असल्यास तो आधी झूबँकमध्ये (प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) नोंदवून त्या नोंदणीचा पुरावा निबंधातच छापावा, अन्यथा ते नाव संहितेनुसार 'उपलब्ध', म्हणजे ग्राह्य धरण्याजोगे, ठरत नाही.